बोंदरीबाईची चौदा पिल्लं

२५ नोव्हेंबर, मंगळवार. मोलगी
खोली गेल्या वर्षीचीच मिळाली. पुढच्या खोलीत कापूस पिंजायचं मशीन, मधल्या खोलीत आमचं बिऱ्हाड, मागे उघडी पडवी. दिवाळी झाली की म्हसावदहून इथे यायचं, होळी झाली की परत. अकरावं वर्ष. थंडीत डोंगरातली माणसं खाली उतरतात, आम्ही वर चढतो, कारण रजया इथे खपतात.

आज बोंदरीबाई आली. दर वर्षी जुनी रजई घेऊन येते, कापूस पिंजून पुन्हा भरून नेते. आज डोक्यावर टोपली. टोपलीत चौदा पिल्लं, सहा दिवसांची. त्यांच्या आईला परवा रानमांजराने नेलं. उद्या बोंदरीबाईच्या घरची सगळी ऊसतोडीला गुजरातेत चालली, ट्रक ठरलाय. पाड्यावर मागे कोणी राहत नाही.

"होळीले येसू. तवलोंग तू संभाळ. अर्धी तुन्ही, अर्धी मन्ही."

इथली रीतच आहे ही, अर्धली म्हणतात. बकरी, कोंबडी दुसऱ्याकडे वाढवायला द्यायची, वाढलं की अर्धं अर्धं. पण मी? मी जन्मात कोंबडी पाळलेली नाही. दुकानातून कापून आणलेली तेवढी ओळखीची.

हे मशीनमागून ओरडले, "आपुन गाद्या भरनारा लोक. आपले नही जमाव." मला न विचारताच. मग काय, मी टोपली घेतली. माझं हे असंच होतं.

२६ नोव्हेंबर, बुधवार
काल एक गोष्ट लिहायची राहिली, तीच खरी महत्त्वाची. बोंदरीबाईचा नातू पावसाळ्यात मरता मरता वाचला. तेव्हा तिने मानता केली आहे, होळीला कोंबडा देईन. तो घरच्याच कोंबडीचा हवा. ही तिच्या आईकडून आलेली काळी जात, अंगावर एक पांढरं पीस नाही, पायसुद्धा काळे. घरात दुसरी कोंबडी उरलेली नाही. म्हणजे जो काही कोंबडा आहे तो या चौदांतच कुठेतरी आहे.

"बाजारना नही चालत," जाताना दोनदा म्हणाली.

कोंबडा कोणता आणि कोंबडी कोणती, विचारलं तर हसली. दोन महिने कळत नाही म्हणे.

नाही म्हणायला हवं होतं का? पहिल्या वर्षी मी इथे तापाने फणफणले होते, हे कापूस आणायला खाली गेलेले. ही बाई चार दिवस पाड्यावर न जाता माझ्या उशाशी बसली. तेव्हा तिने नव्हतं विचारलं मला जमेल का म्हणून.

रात्री थंडी फार. पिल्लं चिवचिव करून जीव काढतात. खोक्यात ठेवलीत. आपल्याकडे दुसरं काही नसेल, कापूस तर आहे! मशीनवरचा ताजा पिंजलेला कापूस वीतभर पसरला. चौदाच्या चौदा आत बुडाली, नुसती डोकी वर. राजाच्या पोरांना मिळणार नाही अशी गादी. ह्यांना बोलावून दाखवलं. हेही हसले.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
सकाळी दोन मेलेली. बाजाराचा दिवस, गिऱ्हाईक दाराशी उभं, आणि मी हातात दोन काळे गोळे घेऊन. थंडीनेच असणार. कापूस आणखी घातला. दाराची फट पोत्याने बुजवली.
शिल्लक १२.

२९ नोव्हेंबर, शनिवार
आणखी तीन. काही कळत नाही. खाणं घालते, भगरीची कणी, दाणा टिपतात. पाणी पितात. ऊब आहे. तरी माना टाकतात. गळ्याशी हात लावला तर कडक गाठ लागते.
म्हसावदला अम्मींना, म्हणजे सासूबाईंना, फोन केला. म्हणाल्या, नजर लागली. चौदा काळ्या पिल्लांना कोण नजर लावतंय.

३० नोव्हेंबर, रविवार
आज लिहायचं जिवावर आलंय. पण लिहिते.

सकाळी सहावं गेलं. तेच घेऊन समोर जमनीबाईकडे गेले. तिची चहाची टपरी, मागे पाच-सहा कोंबड्या. तिने पिल्लू हातात घेतलं, गळा चाचपला, विळ्याच्या टोकाने तिथे चीर दिली. आतून ओला कापूस निघाला. गच्च, वातीसारखा वळलेला.

"अवं, तू त्यास्ले कापूस खावाडी ऱ्हायनी!"

पिल्लू दिसेल त्याला चोच मारतं. कापसात कणी सांडली होती, कणीबरोबर कापूस. मी मात्र रोज थर वाढवत होते.

धावत येऊन खोकं उलटं केलं. उरलेल्या आठांच्या पायाला धागे. एकाच्या डाव्या पायाच्या बोटाला तर असा पीळ बसलेला की बोट निळं पडून सुजलं होतं. बारीक कात्रीने काढत बसले. दोरे घालून घालून माझा हात बसलेला आहे, तरी एकेका धाग्याला चारदा कात्री लावावी लागली. ते ओरडत होतं, मी रडत होते. ह्यांनी मशीन बंद केलं. त्यांनी बोलायला हवं होतं. बोलले असते तर मला भांडता आलं असतं.

सहा पिल्लं मी मारली. थंडीने नाही, मी.

१ डिसेंबर, सोमवार
जमनीबाई येऊन सगळं बघून गेली. मधल्या खोलीत ठेवायचं नाही म्हणाली. मशीन चाललं की कापसाचे तंतू उडतात, आमच्या भुवयांवरसुद्धा असतात, पाण्याच्या ताटलीवर तर साय धरल्यासारखे. म्हणजे पिल्लं पडवीत न्यायची. पडवीत कापूस नाही, पण भिंतही दोनच बाजूंना. ऊब हवी तर कापूस, कापूस नको तर थंडी. माझ्या नशिबाला काय म्हणावं.

ह्यांनी न सांगता दोन बाजूंना ताडपत्री बांधली. खाली भाताचं तूस चार बोटं. मधोमध मडकं: तळाला राख, वर मक्याच्या रिकाम्या कणसांचे निखारे, पुन्हा राख, तोंडावर भोकाचं झाकण. बाहेरून हात लावला तर बसेल एवढंच गरम. वर साठचा बल्ब, लाइट असेल तेव्हा. भोवती पत्र्याचं गोल कडं, कोपरा ठेवायचा नाही. कोपऱ्यात एकावर एक चढतात आणि खालचं चिरडतं.

जमनीबाईचं साधं आहे. मडक्याला चिकटून ढीग केला तर थंडी वाजते, कड्याला पळाली तर गरम होतंय, पसरून बसली तर बरं. शाळेत दहावीपर्यंत काय काय शिकले, हे कोणी सांगितलं नव्हतं.
शिल्लक ८.

५ डिसेंबर, शुक्रवार
चार दिवस एकही गेलं नाही, म्हणून काल अम्मींना फोनवर सांगितलं, आता जमलं मला. आज एक पाण्यात पडून मेलं. ताटली खोल होती. आता बरणीचं झाकण, त्यात खडे, चोच जाईल एवढंच पाणी. ही अक्कल दर वेळी एका पिल्लाच्या मोबदल्यात येते.

दोघांच्या ढुंगणाला विष्ठा सुकून चिकटली होती. कोमट पाणी, चिंधी, हळूहळू सोडवायचं, कोरडं करायचं, मगच आत सोडायचं. हे म्हणाले, "मन्ही माय बिमार व्हती तवय इतलं नही करं तू." खोटं. केलं होतं.
७.

१० डिसेंबर, बुधवार
ते निळं बोट काळं पडून आज गळून गेलं. तुसात सापडलं, तिळाएवढं. पिल्लाला काही नाही, धावतंय. दोन्ही पायांची मिळून आठ असतात, याची सात. सातबोट्या म्हणायला लागले.
गावात जनावरांचे डॉक्टर आले होते. सातही पिल्लांच्या डोळ्यात लसीचा एकेक थेंब. बोटाचं विचारलं. म्हणाले, चालायला लागतंय ना, मग झालं.

२१ डिसेंबर, रविवार
कामाचा रेटा. रोज चार-पाच रजया. वहीला हात नाही.
पंखांना खरी पिसं येताहेत. अर्धी पिसं, अर्धी लव, ध्यान दिसतात. माझ्या पावलाचा आवाज ओळखतात. सातबोट्या तर हातावर चढून बाहीत शिरतो. हातातल्या सुईवर चोच मारतो, चापट मारली की दोन पावलं मागे, परत पुढे.

बोंदरीबाईची काहीच खबर नाही. तिच्याकडे फोन नाही, मुकादमाचा आहे, तो उचलत नाही. तिला कसं सांगू? चौदाची सात.

६ जानेवारी, मंगळवार
थंडी म्हसावदलाही पडते, पण ही हाडात शिरणारी. वर डोंगरातल्या डाबकडून आलेला जीपवाला म्हणत होता, सकाळी गवतावर पांढरं जमलं होतं. कालपासून लाइट नाही. मशीन बंद. मडक्यातले निखारे तीन तासांवर टिकत नाहीत.

७ जानेवारी, बुधवार
दोन गेली. पहाटे निखारे विझले होते, मला जाग आली नाही. उरलेली एकमेकांच्या अंगाखाली शिरून बसलेली, ती दोन सगळ्यात बाहेरच्या बाजूला.
शिल्लक ५. लाइट अजून नाही.

कोंबडी काय करते? पंखाखाली घेते, आणखी काय. निखारा नाही, बल्ब नाही. मग दुपारभर बसून शिवलं. घट्ट विणीचं मांजरपाट, फुंकर मारली तर पलीकडे जाणार नाही असं. आत कापूस ठासून, बारीक टाक्यांनी चारी बाजू बंद. एक तंतू बाहेर येत नाही, ओढून, चोखून, घासून पाहिलं. एक जाड चौकोन, त्याला खालून हातभर रुंद आठ झालरी, त्याही भरलेल्या. हे सगळं उंच पायांच्या पाटाला खालून बांधलं. म्हणजे पाट वर, झालरी खाली लोंबणाऱ्या.

पिल्लं लांबून बघत राहिली. सातबोट्या पहिला आत गेला. मग सगळी. हात घालून पाहिला तर आत भट्टी.
हे म्हणाले, "रजईनी माय." नाव पडलं.

९ जानेवारी, शुक्रवार
लाइट आली. निखारे नसतानाही रात्र निघाली. बाजारात दोन बाया रजईची माय बघून गेल्या. एकीने विचारलं, मोठ्या माणसाला शिवशील का. हसू आलं, बऱ्याच दिवसांनी.

१८ जानेवारी, रविवार
जमनीबाईने पाचही हातात धरून बघितली. तुरा, पायाची जाडी, मानेची पिसं.
"ह्या चार तलंगा. आनि हाऊ कोंबडा."

हाऊ म्हणजे सातबोट्या.

पाचात एक तरी कोंबडा निघाला म्हणून मी अल्लाचे आभार मानत होते, तोच जमनीबाईने त्याचा डावा पाय उचलला. उचलून माझ्याकडे बघितलं. मानतेचा कोंबडा अंगाने धड लागतो. तुटकं, लंगडं, काणं चालत नाही. तिने सांगितलं नसतं तरी कळलं असतं. आमच्याकडेही कुर्बानीचा बकरा कान तुटलेला चालत नाही.

त्या बोटाला पीळ माझ्या कापसाचा.

२५ जानेवारी, रविवार
एक तलंग घारीने उचलली, भर दुपारी, माझ्या डोळ्यांसमोर. झाडू फेकला, तो जमनीबाईच्या टपरीवर.
चार. सातबोट्या आणि तीन तलंगा. आता वर जाळी बांधली.

आठवडाभर एकच विचार. पाड्यावरच्या पुजाऱ्याला दिसेल का? एक बोट. मागून पाहिलं तर दिसत नाही. चिखल असेल तर दिसत नाही. मी कुठल्या थराला आले आहे.

४ फेब्रुवारी, बुधवार
काल शब-ए-बरात. हे मशिदीत गेले, मी घरी नमाज पढले. दुआ मागताना पडवीतून खुडखुड ऐकू येत होती, लक्ष तिकडेच. थंडी ओसरतेय. रजईच्या मायखाली आता मावत नाहीत, तरी शिरतात, मागचा भाग बाहेर.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
आज आरवला! म्हणजे आरवायला गेला. गळा बसलेल्या माणसासारखा, अर्ध्यातच तुटला. स्वतःच दचकला. हे पोट धरून हसले. नंतर मलाच म्हणाले, इतका जीव लावू नको, होळीला तो जायचाच आहे.
जायचाच आहे, हे मला ठाऊक नाही का. त्याचसाठी वाढवला.

१९ फेब्रुवारी, गुरुवार
पहिला रोजा. सहेरीला उठले तर हा आधीच उठलेला. आता पूर्ण आरवतो. समोरची दोन दुकानं जागी होतात, शिव्या मला.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
हे बाजारातून एक कोंबडा घेऊन आले. काळा, तजेलदार, आठही बोटं जागेवर. पडवीत बांधला.

"बोंदरीबाईले हाऊ दे. तुन्हा लंगड्या आपला ठेव. कोनले समजस?"

चांगल्या मनाने आणला, हे मला दिसतंय. माझी तगमग बघून आणला. तरी मी इतकी भांडले की रोज्यात एवढा राग बरा नव्हे. मग गप्प बसले. कारण मी भांडले ते आतून मलाच तो हवा होता म्हणून. सातबोट्या वाचेल, बोंदरीबाईची मानता फिटेल, मी सुटेन. कोणाला कळणार?

नवा कोंबडा दोरीला ओढ देत उभा. सातबोट्या त्याच्याभोवती मान ताठ करून फिरतोय.

२२ फेब्रुवारी, रविवार
"बाजारना नही चालत." दोनदा म्हणाली होती. का दोनदा म्हणाली? मला ओळखून?

नातू तिचा. उद्या त्या पोराला नुसती सर्दी झाली तरी मला वाटणार माझ्या कोंबड्यामुळे. मी मानता मानत नाही. पण ती मानते, आणि तिने शब्द दिलाय. तिच्या शब्दात मी भेसळ करायची? रजईत जुना कापूस भरून नवा म्हणून विकणारे आहेत म्हसावदला. त्यांना आम्ही काय म्हणतो?

२४ फेब्रुवारी, मंगळवार
ह्यांना म्हटलं, बाजारचा कोंबडा आज कापा. "इतला भारी कोंबडा!" म्हणाले. मग माझं तोंड बघून सुरी घेतली. घरात राहिला असता तर बोंदरीबाई दारात आल्यावर माझं काय झालं असतं, सांगता येत नाही.
इफ्तारला रस्सा. जमनीबाईकडेही वाटी पाठवली. रस्सा चांगला झाला होता, मीही दोनदा घेतला.

२८ फेब्रुवारी, शनिवार
बोंदरीबाई आली.

अंगाने निम्मी झालीय. हातांना उसाच्या पात्याचे ओरखडे. बरोबर मुलगी, तिच्या कडेवर नातू, गुबगुबीत, माझी ओढणी ओढणारा. मी चहा ठेवायला उठले तर म्हणाली, तुझा रोजा, राहू दे. सरळ पडवीत जाऊन बसली. चार बघितली. दहा कुठे, असं विचारलं नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

मी सगळं सांगितलं. कापूस, गळ्यातली गाठ, मी वाढवलेले थर, पाण्याची ताटली, विझलेले निखारे, घार. शेवटी सातबोट्याला आणून तिच्या मांडीवर ठेवला, पाय उलटा धरला. कापसाने गेलं बोट, मीच घातला होता. बाजारचा आणला होता, तेही सांगितलं. हे दारात उभे होते, खाली बघत.

तिने बोट गेलेल्या जागी अंगठा फिरवला. मग म्हणाली,
"मरनात त्या बी अर्धा तुन्हा, अर्धा मन्हा."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. पण तेच होतं. अर्धलीत मेलेलीही वाटून घ्यायची असतात, दहातली पाच तिची. मला रडू आवरेना. ती माझ्याकडे न बघता कोंबड्याची मान खाजवत होती.

बाजारच्या कोंबड्याचं ऐकून हसली. "त्याना पाय कोना रंगना व्हता?"
पिवळे होते. मी बघितलेही नव्हते. आठ बोटं मोजली, रंग बघितला नाही.

१ मार्च, रविवार
बोंदरीबाई रात्री इथेच थांबली, आज सकाळी त्याला घेऊन गेली. दोन तलंगा माझ्या वाट्याला ठेवल्या, मी नको म्हणत होते. एक तलंग आणि सातबोट्या तिने टोपलीत घातले.

हा चालेल की नाही, हे ती सांगू शकत नाही. पाड्यावरचा पुजारा बघेल. हो म्हणाला तर उद्या होळीपुढे देणार. नाही म्हणाला तर मानता पुढच्या होळीवर, नातवाचं वर्षभर ओझं तिच्या डोक्यावर, आणि आम्ही निघायच्या आत कोंबडा मला परत आणून देणार. "तुनी वाढाडेल शे. मी कापिसन खाऊ नही."

टोपलीतून मान बाहेर काढून तो आरवला. जीपमधले सगळे हसले.

२ मार्च, सोमवार
रात्री होळी. पाड्या-पाड्यांवरून ढोल. कोणत्या डोंगरावर तिची, ओळखू येत नाही. मी बाहेर गेले नाही.

३ मार्च, मंगळवार
सामान बांधायला घेतलं. उद्या म्हसावदला. मशीन खोललं, कापसाच्या गाठी बांधल्या. रजईची माय अजून पडवीतच. हे म्हणाले, उसवून कापूस काढून घे, चांगला आहे. नको म्हटलं.

सकाळपासून वरून तीन जीपा आल्या. प्रत्येक वेळी उठले. तिच्या पाड्याकडच्या दोघी-तिघी उतरल्या, त्यांना विचारायला गेले नाही. शेवटची जीप पाचला यायची आहे.

आज दुआला हात वर केले आणि काय मागावं तेच सुचेना. तो परत यावा म्हणावं तर पोराची मानता अडली. मानता फिटावी म्हणावं तर तो गेला. हात तसेच धरून बसले, मग तोंडावरून फिरवले.

एक रजई बाकी आहे, उद्या सकाळी गिऱ्हाईक येईल. उंबऱ्यावर रस्त्याकडे तोंड करून दोरे घालते आहे. दोन ओळी वाकड्या गेल्या, उसवल्या. पावणेपाच झालेत.